नॉइज कॅन्सलिंग हेडफोन: परतीची मुदत संपायच्या आत काय काय तपासायचं?

चष्मिस_नाशिककर
कान पूर्ण झाकणारे वायरलेस नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यायचे आहेत. वापर असा: आठवड्यातून दोनदा नाशिक-पुणे एसटी, बाकीचे दिवस भिंती नसलेलं ऑफिस. फोन अँड्रॉइड, लॅपटॉप विंडोज, डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा. बजेट दहा-बारा हजार. खरोखर फरक पडणार असेल तर पंचवीसपर्यंत ताणेन.
एका खोक्यावर "४५ डीबीपर्यंत", दुसऱ्यावर "९८ टक्के आवाज बंद" असं लिहिलंय. या आकड्यांवर किती विसंबायचं? आणि वस्तू घरी आल्यावर, परतीची मुदत संपायच्या आत, तिची नीट परीक्षा कशी घ्यायची? "अमुक ब्रँड बेस्ट" एवढंच सांगू नका, परीक्षेची रीत सांगा.

डेसिबलराव
आकड्यांचा निकाल आधी लावू. डीबी म्हणजे डेसिबल, आवाजाची पातळी मोजायचं एकक. "४५ डीबीपर्यंत" यातला "पर्यंत" महत्त्वाचा. तो आकडा ज्या एका वारंवारितेला सगळ्यात जास्त घट मिळाली तिथला असतो. बाकी पट्ट्यात काय होतं ते खोक्यावर कधीच नसतं.
९८ टक्क्यांची गंमत अशी की कशाचे टक्के ते सांगितलेलं नसतं. ध्वनीच्या ऊर्जेचे धरले तर ९८ टक्के घट म्हणजे १७ डीबी. दाबाचे धरले तर ३४ डीबी. टक्का तोच, अर्थ दोन. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डीबी घट लागते, यावरून अंदाज घ्या.
आता मूळ मुद्दा. बाहेरच्या लहरीवर बरोबर उलटी लहर टाकून ती मारायची, हे तंत्र खालच्या सुरांतच नीट चालतं, आणि त्याचं कारण साधं गणित आहे. १०० हर्ट्झची लहर जवळपास साडेतीन मीटर लांब, १००० हर्ट्झची ३४ सेंटिमीटर, ५००० हर्ट्झची जेमतेम ७ सेंटिमीटर. २० डीबी घट हवी असेल तर उलट्या लहरीची वेळ सुमारे ६ अंशांपेक्षा जास्त चुकून चालत नाही (एक पूर्ण लहर म्हणजे ३६० अंश). १०० हर्ट्झला ६ अंश म्हणजे १६० मायक्रोसेकंदांच्या आसपास. १००० हर्ट्झला फक्त १६, आणि तेवढ्या वेळात आवाज साडेपाच मिलिमीटर सरकतो. पॅडमध्ये कान इकडचा तिकडे झाला तरी तेवढा फरक पडतो. चूक ६० अंशांवर गेली की घट शून्य. त्याच्याही पुढे गेली तर आवाज उलट वाढतो.
म्हणून साधारण १००० हर्ट्झच्या खाली इलेक्ट्रॉनिक्स काम करतं आणि त्याच्या वरचं बहुतेक सगळं पॅड, कपाचं प्लास्टिक आणि कानाभोवतीची घट्ट बैठक अडवते. हेडफोन तपासताना ही दोन कामं वेगवेगळी तपासायची. बहुतेक परीक्षणांमध्ये ती एकत्र कालवलेली असतात.

यमन_कल्याण
वाचनखूण साठवली. एसटीसाठी एएनसी (ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे वरचं उलट्या लहरीचं तंत्र) घेणं हा निर्णय बरोबरच आहे. डिझेल इंजिनाची घरघर सगळी खालच्या पट्ट्यात असते, तिथे पैसे वसूल. खिडकीच्या काचेचा खडखडाट मात्र राहणार.

शंकासुर
मग शेजारच्या टेबलावरचं बोलणं का ऐकू येतं? माणसाचा आवाज तर १००० हर्ट्झच्या खालीच असतो ना?

मंद्रसप्तक
आवाजाचा मूळ सूर खाली असतो: पुरुषाचा साधारण १०० ते १५० हर्ट्झ, बाईचा २०० च्या आसपास. पण शब्द ओळखू येतात ते व्यंजनांवरून, आणि स, श, च, ट यांची ताकद २००० ते ८००० हर्ट्झमध्ये असते. एएनसी बोलण्याचा भरदारपणा काढून टाकतं, शब्दांच्या कडा शिल्लक ठेवतं. वर ऑफिसातली एसीची घूंऽऽ नाहीशी झाल्यामुळे त्या कडा आणखी उघड्या पडतात. "एएनसी लावलं आणि लोकांचं बोलणं जास्त ऐकू यायला लागलं" ही तक्रार खोटी नसते.
उपाय: ऑफिसच्या वापरासाठी एएनसीच्या आकड्यापेक्षा पॅडची जाडी आणि पकड बघा. आणि अगदी हळू आवाजात पावसाचा किंवा साधा खरखरीचा ध्वनी लावून ठेवा, तो त्या कडा झाकतो. संगीतच हवं असेल तर तानपुरा चालतो.

डेसिबलराव
+१. घरातल्या आवाजांची फोड करून ठेवतो, म्हणजे अपेक्षा जागेवर राहतील. पंखा: घरघर जाते, पात्यांची सळसळ राहते. मिक्सर: फारसा फरक नाही, त्याचा आवाज वरपर्यंत पसरलेला असतो. कुकरची शिट्टी: एएनसी चालू असो वा बंद, सारखीच, जी काही अडते ती पॅडमुळे. फ्रिज आणि लांबचा जनरेटर: जवळपास गायब. लोकलमध्ये मोटरची गुणगुण जाते, रुळांच्या सांध्यांचा खटखटाट अर्धामुर्धा आणि भोंगा जवळजवळ पूर्ण ऐकू येतो. शेवटचं बरंच आहे म्हणायचं.

कर्णोपकर्णी
आतल्या रचनेबद्दल थोडं, कारण बिघाड तिथूनच कळतात.
माइक बाहेरच्या बाजूला असेल तर तो आवाज कानात पोचायच्या आधी पकडतो. तयारीला वेळ मिळतो, पण आत प्रत्यक्षात काय झालं हे त्याला कळत नाही. चष्म्यामुळे फट पडली तर त्याचा हिशोब चुकतो. वारासुद्धा तोच माइक पकडतो आणि "भुर्रर्र" असा आवाज आत सोडतो.
माइक आत, स्पीकरजवळ असेल तर तो शिल्लक आवाज ऐकून सुधारणा करत राहतो. बैठक थोडी बिघडली तरी सांभाळून घेतो, पण त्याचा पट्टा अरुंद असतो आणि जास्त ताणला तर शिट्टी मारायला लागतो.
हल्ली बऱ्यापैकी किमतीच्या हेडफोनांत दोन्ही असतात, त्याला हायब्रिड म्हणतात. पाच हजारांच्या खालच्या मालात "एएनसी" लिहिलेलं असलं तरी बरेचदा एकाच माइकवर काम भागवलेलं असतं.
अवांतर: उलट्या लहरीची कल्पना जुनी आहे. पाउल ल्यूग या जर्मन संशोधकाला तिचं अमेरिकन पेटंट १९३६ मध्ये मिळालं. तेव्हा एवढं चपळ इलेक्ट्रॉनिक्सच नव्हतं. अमर बोस यांना हेडफोनची कल्पना १९७८ मध्ये झुरिकहून बॉस्टनला जाताना विमानात सुचली. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये आला आणि सामान्य ग्राहकांसाठीचा क्वाएट कम्फर्ट २००० साली. मधली वीस-बावीस वर्षं कुठे गेली ते वरच्या १६ मायक्रोसेकंदांवरून लक्षात यावं.

आजी_ऑडिओफाइल
चष्म्याबद्दल कोणीच बोलत नाहीये, म्हणून मी लिहिते. काडी पॅडच्या खालून जाते तिथे पुढेमागे दोन बारीक फटी राहतात. फटीतून आधी बास गळतो, मग एएनसीचाही खालचा पट्टा ढासळतो. म्हणजे ज्यासाठी पैसे दिले नेमकं तेच जातं.
बघायचं असं: संथ बासचं काहीतरी लावा, चष्मा घातलेला ठेवा आणि दोन्ही कप तळव्यांनी हलके आत दाबा. बास एकदम भरून आला तर बैठक गळकी आहे. चष्मा काढून तेच पुन्हा करा. चष्म्याशिवाय दाबल्यावर फरक पडत नाही आणि चष्म्यासह पडतो, तर दोष काडीचा. दोन्ही वेळा पडत असेल तर पॅडच तुमच्या डोक्याला बसत नाही, ते मॉडेल सोडून द्या.
धातूची बारीक, सपाट काडी असेल तर मऊ आणि खोल पॅड तिला पोटात घेतं. जाड ॲसिटेटच्या काडीला कुठलाच हेडफोन पूर्ण न्याय देत नाही. दोन-तीन हजारांची बारीक काड्यांची जादा फ्रेम करून घेणं हे दहा हजार जास्त देऊन वरचं मॉडेल घेण्यापेक्षा अनेकदा शहाणपणाचं ठरतं. कानामागे अंबाडा, मोठे झुमके, ओढणी किंवा स्कार्फ यांनीही हेच होतं. परीक्षा रोज जसे वावरता तशाच अवतारात घ्यायची.

चष्मिस_नाशिककर
आजी, हे सोन्यासारखं आहे. आता घरच्या परीक्षेची रीत कोणीतरी ओळीने सांगा ना.

डेसिबलराव
लिहितो. प्रतिसाद लांबणार आहे.
आधी तयारी. पूर्ण चार्ज करा. ॲपमधून फर्मवेअर (हेडफोनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट परीक्षेच्या आधीच करून घ्या, नंतर नाही. अपडेटमुळे एएनसीचं वागणं बदलू शकतं. इक्वलायझर सपाट, आवाज चहूबाजूंनी येतोय असं भासवणारे (स्पेशियल ऑडिओ) इफेक्ट बंद. "परिसर ओळखून आपोआप बदल" ही सोय बंद, नाहीतर तुम्ही मोजताय तोवर ते स्वतःच पातळी बदलत बसतं.
आवाज कशातून काढायचा यात लोक हमखास फसतात. फोनच्या स्पीकरवर विमानाचा आवाज लावतात आणि म्हणतात, काही फरकच नाही. फोनचा स्पीकर ३०० हर्ट्झच्या खाली जवळपास मुका असतो, मग एएनसी मारणार काय? टीव्हीचा साउंडबार वूफरसकट, किंवा निदान बऱ्यापैकी मोठा ब्लूटूथ स्पीकर घ्या. एक-दीड मीटरवर ठेवा आणि ७० ते ७५ डीबीच्या आसपास ब्राउन नॉइज, म्हणजे खालच्या सुरांवर भर असलेली खरखर, लावा. मोफत टोन जनरेटर ॲपमध्ये तो मिळतो.
मग तीन अवस्था ऐका: उघडे कान, हेडफोन घालून एएनसी बंद, हेडफोन घालून एएनसी चालू. पहिल्या दोनमधला फरक पॅडचा, दुसऱ्या-तिसऱ्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा. दुकानात फक्त तिसरी अवस्था ऐकवतात आणि गिऱ्हाईक भारावतं.
त्यानंतर एकेक पट्टा घ्या: ६३, १२५, २५०, ५००, १०००, २०००, ४००० हर्ट्झ. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण द्या. शुद्ध सूर वापरू नका, अरुंद पट्ट्यातली खरखर वापरा. एकाच सुराच्या लाटा खोलीत उभ्या राहतात आणि डोकं वीतभर हललं तरी पातळी बदलते. चांगल्या हेडफोनला १२५ आणि २५० वर एएनसीमुळे ठळक फरक दिसतो, १००० च्या आसपास तो खचतो. तिथे एएनसी थकलेलं असतं आणि पॅडची ताकद पुरती सुरू झालेली नसते. या खचक्याची खोली हाच स्वस्त आणि महाग मालातला खरा फरक.
आता त्रास द्या. डोकं वळवा, जांभई द्या, चणे चावा. जबडा हलला की बैठक क्षणभर सुटते. चांगला हेडफोन लगेच सावरतो, वाईट हेडफोन धपधप करतो. टेबलफॅन एक मीटरवर बाजूने लावून वाऱ्याची भुरभुर ऐका. कपावर तळवा अलगद झाका. चिवचिव किंवा शिट्टी आली तर आतली यंत्रणा काठावर चालते आहे. रात्री सगळं शांत झाल्यावर पंखा बंद करून एएनसी चालू-बंद करा आणि स्वतःचा फुसफुसाट किती आहे ते ऐका. थोडा असतोच. गाणं थांबवल्यावर तो चटकन जाणवला तर मात्र पुस्तक वाचताना कटकट होईल.
शेवटी अर्धा तास घालून नुसतं बसा. काहींना कानात दडे बसल्यासारखं होतं. हवेचा दाब बदललेला नसतो. खालचे सूर अचानक नाहीसे झाल्यावर मेंदू तसा अर्थ लावतो. काहींना सवयीने जातं, काहींना मळमळतं. कोणाला काय होईल हे आकड्यांतून कळत नाही, त्यामुळे ही पायरी गाळू नका. एएनसी कमी-जास्त करता येत असेल तर दोन पायऱ्या खाली आणून पाहा, बऱ्याच जणांना तेवढ्याने भागतं.

शंकासुर
एक सुचवू का? प्रत्येक पट्ट्याला आवाज इतका कमी करत जायचा की जेमतेम ऐकू येईल. उघड्या कानाने आणि हेडफोन घालून, दोन्ही वेळा. त्यातला फरक म्हणजे डीबीतली घट. कानात घालायच्या बुचांची मोजणी अशीच करतात ना?

डेसिबलराव
बुचांची तशीच करतात आणि तिथे ती पद्धत उत्तम आहे. इथे फसते. हेडफोनचा स्वतःचा फुसफुसाट तुमचा उंबरठा वर ढकलतो, त्यामुळे घट आहे त्याहून जास्त दिसते. जितका गचाळ हेडफोन, तितके जास्त गुण! एएनसी बंद ठेवून फक्त पॅडची घट काढायला मात्र बिनधास्त वापरा.

जुगाडू
आकडाच हवा असेल तर जुनी सीडी घ्या. तिचं मधलं भोक १५ मिलिमीटरचं असतं आणि १२ सेंटिमीटरच्या चकतीवर बहुतेक कप बसतात. फोनचा माइक भोकाखाली आणा, कडा पोरांच्या खेळायच्या क्लेने बंद करा. एक कप सीडीवर, दुसरा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर, दोन्हींमध्ये १४-१५ सेंटिमीटर अंतर, म्हणजे पकड डोक्यावर असते साधारण तेवढीच राहते. कानावरून काढल्याचं ओळखणारा सेन्सर ॲपमधून आधी बंद करा, नाहीतर एएनसीच बंद पडेल आणि तुम्ही डोकं खाजवत बसाल. आयफोन असेल तर अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेचं आवाज मोजायचं ॲप मोफत आहे. अँड्रॉइडवर आवाज आपोआप वरखाली करणारी सुधारणा बंद करता येईल असंच ॲप घ्या.

डेसिबलराव
जुगाड मान्य, पण एक अट. सपाट चकतीवर बैठक डोक्यापेक्षा चांगली बसते आणि कानाची पाळी मध्ये नसते, त्यामुळे आकडा फुगतो. दोन हेडफोनांची आपसांत तुलना करायला वापरा, "माझा ३८ डीबीचा" असं कुठे मिरवू नका.
या चकतीचा जास्त चांगला उपयोग वेगळाच आहे: संगीताची तुलना करण्याआधी दोन्ही हेडफोन सारख्या पातळीवर आणायला. अर्धा-एक डीबी मोठा वाजणारा हेडफोन माणसाला "जास्त मोकळा, जास्त खोल" वाटतो. पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्यांत पसरलेली खरखर) लावा, दोन्ही अर्ध्या डीबीच्या आत जुळवा, मग गाणं लावा.

मंद्रसप्तक
गाण्याची परीक्षा एएनसी चालू ठेवूनच करा, कारण तुम्ही तसंच ऐकणार आहात. बऱ्याच मॉडेलांत एएनसी चालू, एएनसी बंद आणि बॅटरी बंद करून वायरने, असे तीन वेगळे सूर लागतात. तिसरा बहुधा सगळ्यात मंद.
साहित्य म्हणाल तर आपल्याकडे उत्तम आहे. एकट्या तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण घ्या: जवारीची झिलई वरच्या पट्ट्यात असते, तिथे हेडफोन बोथट असेल तर तारा लाकडी वाटतात, टोकदार असेल तर टोचतात. मग तबला एकल. डग्ग्याची घिस्सा मारलेली घुमक वर सरकताना एकसंध सरकली पाहिजे. मध्येच एक सूर फुगला तर बास भरून घातलेला आहे, आणि ही खोड या किमतीत सर्रास असते. शेवटी पेटी आणि बाईचा आवाज एकत्र. पेटीने आवाज झाकला तर मधला पट्टा खचलेला आहे.
बास किंचित जास्त असेल तर घाबरू नका, ॲपमधून दोन-तीन डीबी कमी करता येतो. खचलेला मधला पट्टा उचलणं अवघड.

लॅपटॉपराव
विंडोजबद्दल, कारण इथे चांगला हेडफोनही नाहक बदनाम होतो. गाणं छान वाजत असतं, मीटिंग सुरू झाली की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. हेडफोनचा माइक चालू झाला की जुनं ब्लूटूथ संगीताची वाट सोडून कॉलच्या वाटेवर जातं, तिथे नमुने सेकंदाला १६ हजार किंवा त्याहून जुन्या पद्धतीत ८ हजार. त्यात वरचे सूर मावतच नाहीत. मीटिंगच्या ॲपमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन आणि माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडा. आवाज लगेच सुधारतो.
हेडफोनचा माइक तपासायचा असेल तर व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज वापरू नका, तो बरेचदा फोनच्याच माइकवरून नोंदला जातो. झूमची चाचणी मीटिंग उघडा किंवा खरा फोन लावा. पंखा पाचवर ठेवा आणि समोरच्याला वाक्यांची सुरुवात नीट कळते का ते विचारा. आवाज गाळण्याच्या भानगडीत पहिला अक्षर-दीड अक्षर खाल्लं जाणं ही नेहमीची खोट.
कोडेकचं, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज आवळून पाठवायच्या पद्धतीचं, एवढं पुरे: आयफोनला एसबीसी आणि एएसी, बस्स, एलडॅकसाठी आयफोनवाल्यांनी जादा पैसे देऊ नयेत. अँड्रॉइडवर ८.० पासून एलडॅक आहे, ३३०, ६६० आणि ९९० किलोबिट अशा तीन पायऱ्यांत. ९९० वर दादर किंवा स्वारगेटच्या गर्दीत आवाज तुटतो, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच पट्ट्यात भोवती शेकडो यंत्रं बोलत असतात. फोनच्या सेटिंगमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ६६० करून ठेवा किंवा सरळ एएसी.
दोन यंत्रांना एकाच वेळी जोडायची सोयही तपासून घ्या. लॅपटॉपवर काही चालू असताना फोन आला तर किती सेकंदांत वळतं, आणि फोन संपल्यावर परत येतं का? सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ मध्ये ही सोय चालू केली की एलडॅक मिळत नाही. एक्सएम५ मध्ये दोन्ही चालतात.

यमन_कल्याण
नावं घ्यायची वेळ आली की काय?

आजी_ऑडिओफाइल
घेऊ की. किमती सेलप्रमाणे हलतात, त्यामुळे ठोकळमानाने.
दहा हजारांच्या आतबाहेर सोनी डब्ल्यूएच-सीएच७२०एन: वजन फक्त १९२ ग्रॅम, चष्मेवाल्यांना हलकेपणाचा मोठा आधार, एएनसी चालू ठेवून कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ३५ तास. एलडॅक नाही, सोबत हेडफोन ठेवायची पेटी (केस) नाही, कप सपाट वळतात पण घडी होत नाही. पॅड पातळ असल्यामुळे ऑफिसातल्या बोलण्यापुढे कमी पडतो. साउंडकोर स्पेस वन: ४० तास, एलडॅक आहे. याच किमतीत एएनसी जास्त जोरदार, मूळ सूर बासकडे झुकलेला.
वरच्या गटात एक्सएम४ (२०२०) अजून मिळाला तर चष्मिस यांच्यासाठी माझं मत त्याला. घडी होते, २५४ ग्रॅम, ३० तास, पॅड मऊ. एक्सएम५ (२०२२) चे कॉलचे माइक सरस, पण घडी होत नाही आणि पेटी मोठी. एसटीत पायाशी ठेवायच्या पिशवीत हा फरक कळतो. सेनहायझर मोमेंटम ४: ६० तास, यूएसबी-सीने थेट डिजिटल आवाज, संगीताला या सगळ्यांत मला तोच आवडतो, एएनसीत सोनी-बोसच्या एक पाऊल मागे. एअरपॉड्स मॅक्स अँड्रॉइडवाल्यांनी विसरावा: ३८५ ग्रॅमच्या आसपास वजन.

शंकासुर
एक्सएम४ ला पाचेक वर्षं झाली. जुनं मॉडेल घ्यायचं तर बॅटरीचं काय? गोदामात पडून राहिलेली असणार.

जुगाडू
रास्त शंका. खोक्यावरचा उत्पादनाचा महिना बघा. लिथियमची बॅटरी पूर्ण रिकामी होऊन महिनोन्महिने पडली तर तिची क्षमता कायमची घटते. पहिलं काम: पूर्ण चार्ज करा, एएनसी चालू, एलडॅक बंद, आवाज निम्म्यावर, आणि संपेपर्यंत वाजवा. ३० तासांच्या जागी २६-२७ आले तर चालेल. २० च्या खाली आले तर परत करा. पहिल्या दोन दिवसांतच हे उरकून घ्या. ऑनलाइन परतीची मुदत बहुधा सात ते दहा दिवस असते, आणि अनेक विक्रेते पैसे परत न देता फक्त वस्तू बदलून देतात. ती ओळ विकत घेण्याआधी वाचा.
नकली मालाबद्दल: भारतात विकल्या जाणाऱ्या वायरलेस हेडफोनला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर "आर" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून कंपनीचं नाव जुळतं का पाहा. मग कंपनीच्या स्वतःच्या ॲपला जोडा. नकली एक्सएम४ फोनला जोडला जातो, पण सोनीच्या ॲपमध्ये त्याची सगळी पानं नीट उघडत नाहीत आणि फर्मवेअर अपडेटपाशी सोंग उघडं पडतं.

कोकणी_कान
रत्नागिरी, मुंबई, गोवा इथल्यांनी पॅडच्या कातड्याकडे लक्ष द्यावं. ते खरं कातडं नसतं, पॉलियुरेथेनचा थर असतो. घाम आणि दमट हवा यांनी तो थर आतून तुटत जातो आणि पापुद्रे सुटतात. वापर कमी असला तरी पावसाळे मोजतातच. वापर झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसा, लगेच पेटीत बंद करू नका, तासभर मोकळे ठेवा, पेटीत सिलिका जेलची पुडी टाका. सॅनिटायझर लावू नका, त्यातल्या अल्कोहोलने थर कडक होऊन लवकर तडकतो.
बदलीचे पॅड बाजारात पाच-सातशेलाही मिळतात, पण जपून. पॅडची जाडी, आतल्या फोमची घनता आणि कापडाची जाळी हे सगळं धरून कंपनीने एएनसी बसवलेलं असतं. जाडी दोन-तीन मिलिमीटरने बदलली की आतली हवेची पोकळी बदलते. मग बास बिघडतो आणि एएनसी कमकुवत होतं. एक्सएम४ च्या डाव्या कपात कानाची चाहूल घेणारा सेन्सर आहे. चुकीची जाळी त्यावर आली तर हेडफोन काढला तरी त्याला वाटतं घातलेलाच आहे. घेण्याआधी मूळ पॅडची भारतात उपलब्धता आणि किंमत विचारून ठेवा.

ढोलवादक_पुणे
गणपतीत पथकात वाजवताना हे घातले तर चालतील का? कान वाचतील?

डेसिबलराव
नाही, त्यासाठी घेऊ नका. ढोलाचा ठोका खालचा असला तरी झटक्यात येतो, आणि एवढ्या मोठ्या पातळीला माइक आणि आतला छोटा स्पीकर दोघेही हात टेकतात. मग एएनसी कडकड असा स्वतःचाच आवाज घालतं. ताशाचा कडकडाट तर त्याच्या पट्ट्याच्या वरच आहे. शिवाय हे श्रवणरक्षक म्हणून प्रमाणित नसतात. पथकासाठी फोमची बुचं नीट चुरगळून, कानाची पाळी वर ओढून खोल बसवा. ती काही रुपयांत मिळतात आणि इथे या सगळ्यांपेक्षा सरस आहेत.
प्रवासात मात्र हे कान वाचवतात, पण वेगळ्या वाटेने. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार ८० डीबी आठवड्याला ४० तास चालतं, ९० डीबी फक्त ४ तास. बसच्या आवाजावर मात करायला साध्या हेडफोनवर लोक सहज ९० च्या घरात जातात. एएनसीने घरघर गेली की तेच गाणं दहा-बारा डीबी खाली पुरतं. तुमच्या हेडफोनने हे साधलं का, हे बघायला बसमध्ये एएनसी चालू-बंद करून आवाज किती घरं खाली आणता येतो ते मोजा.

कर्णोपकर्णी
बसचीच आणखी एक परीक्षा: खड्डा. गाडी आपटली की आतल्या हवेच्या दाबात एकदम मोठा, फार खालचा झटका येतो. कमजोर एएनसी त्या क्षणी "ठप्प" किंवा "चर्र" करून अडखळतं, कारण स्पीकरला तेवढं हलताच येत नाही. घरच्या सोफ्यावर हे कधीच कळणार नाही. मुदतीच्या आत एक फेरी खराब रस्त्यावरून करा; आपल्याकडे त्याची टंचाई नाही.

चष्मिस_नाशिककर
सगळ्यांचे आभार. एक्सएम४ आणि स्पेस वन दोन्ही मागवून शेजारी ठेवावेत का, की एकेक? आणि जुन्या चष्म्याच्या बारीक काड्यांच्या फ्रेममध्ये नवा नंबर बसवून घेतो आहे.

आजी_ऑडिओफाइल
दोन्ही एकाच आठवड्यात मागवा, पण दोन्हींचे पैसे परत मिळणार असतील तरच. फक्त बदलून देणार असतील तर एक्सएम४ एखाद्या दुकानात तुमच्या नव्या काड्यांसह अर्धा तास घालून बघा आणि ऑनलाइन फक्त स्पेस वन मागवा. दुकानात एसीच्या घरघरीवर भाळू नका. तिथे दाबून बासची गळती बघायची, शेजारी कोणाला तरी बोलायला लावायचं, डोक्याच्या मध्यावर पट्टा टोचतो का ते बघायचं. आणि खोक्याचं प्लास्टिक, टॅग, केबल जपून ठेवा. परत न्यायला आलेला माणूस आधी तेच मोजतो.